मास्तरांचा कौल

"दाराच्या वरचा वासा बघितलात का?" मावशींनी खालून विचारलं.

कौलमास्तर शिडीवरून तोच बघत होते. त्यांनी वाशाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं, तर ते लोण्यात जावं तसं आत गेलं. त्यांनी ते हळूच बाहेर काढलं.

तीस वर्षं ते छपरांची कामं करत होते. कौलं बदलायचे, आणि घर राहण्याजोगं आहे की नाही याचा कौलही द्यायचे. म्हणून कोणीतरी चेष्टेनं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यांना स्वतःला ते आवडायचं. एकदा दिलेला कौल त्यांनी कधी फिरवला नव्हता, आणि खोटा तर आजवर एकही दिला नव्हता.

आजचा कौल मावशींच्या मुलानं मागितला होता. तो दुसऱ्या शहरात राहायचा. आईनं आपल्याकडे यावं म्हणून चार वर्षं तिच्या मागे लागला होता, आणि मावशी काही बधत नव्हत्या. शेवटी दोघांत ठरलं, मास्तर सांगतील तसं. छप्पर धड निघालं तर आई इथेच राहील आणि तो पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर घराला कुलूप.

"मीच म्हटलं होतं त्याला रागाच्या भरात," मावशी म्हणाल्या. "छप्पर डोक्यावर येईल तेव्हाच तुझ्या दारात येईन म्हणून. आता बोलून बसले."

"आणि तुमचा शब्द म्हणजे शब्द," मास्तर हसून म्हणाले.

"हो ना. जिभेला हाड नाही, तिचे हे भोग."

मास्तर खाली उतरून खोल्या बघू लागले. छपराचं दुखणं आधी भिंतीवर दिसतं, असं ते सगळ्यांना सांगत. इथे कोपऱ्यात ओलीची वलयं होती, एकात एक, दर पावसाळ्याचं एक. रंगाला फोड आले होते. आढं मध्यावर वाकलेलं तर त्यांना रस्त्यावरूनच दिसलं होतं. डागडुजीनं भागण्यासारखं हे राहिलं नव्हतं. अर्धे वासे गेले होते.

बाकीच्या खुणाही त्यांनी टिपल्या. पलंग खोलीच्या मधोमध ओढलेला. भिंतीवर एक रिकामा खिळा आणि त्याखाली फिकट गोल. फडताळ मोकळं. एका कोपऱ्यात जुन्या चादरीत बांधलेलं भलंमोठं गाठोडं, वरून प्लॅस्टिक. व्हरांड्यात कुंड्यांच्या बुडांचे पाच डाग, पण कुंडी एकही नाही. स्वयंपाकघरात एक ताट, एक कप, एक पातेलं. गळक्या घरात माणूस असाच एकेक वस्तू हलवत जातो, हे त्यांनी शंभर घरांत पाहिलं होतं.

"घड्याळ होतं ना इथे?"

"काढून ठेवलं."

"बरं केलंत. ओलीनं बिघडलं असतं."

मावशींनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "असतं," त्या म्हणाल्या.

मास्तरांना वाईट वाटलं. एवढं गळतंय, तरी बाई घर सोडत नाही. त्यांनी स्वतःच्या आईचं घर असंच बंद करून तिला आपल्याकडे आणलं होतं. ती सहा महिने सामानाची पिशवी न उघडता खुर्चीत बसून राहिली, आणि मग गेली. ती पिशवी त्यांनी नंतर स्वतःच्या हातांनी उघडली होती.

"लावू तुमच्या मुलाला फोन?"

"लावा. आणि खरं असेल तेच सांगा. माझी भीड धरू नका." मावशींचा आवाज कापला. त्यांनी दाराची चौकट धरली.

तो आवाज ऐकून मास्तरांचं ठरलं. त्यांनी फोन लावला आणि मावशींनाही ऐकू जाईल असा समोर धरला.

"बोला मास्तर. किती वाईट आहे?"

"वाईट काही नाही. चार कौलं फुटलीत आणि एक वासा जरा ओला झालाय. मी करून देतो. पुढची वीस वर्षं बघायला नको."

"नक्की?"

"माझा कौल आहे हा."

"मग माझं बोलणंच खुंटलं," मुलगा म्हणाला. "आईचंच खरं झालं. तिला सांगा, आता मी पुन्हा विचारणार नाही. शब्द दिलाय."

मास्तरांनी फोन खिशात टाकला. मावशी चौकट धरून तशाच उभ्या होत्या.

"वीस वर्षं म्हणालात?"

"वीस. वासे मी सगळेच बदलीन, त्याला कळायचं कारण नाही. हे आपल्या दोघांत."

"उपकार झाले," मावशी म्हणाल्या आणि डोळे पुसत आत वळल्या.

मास्तरांना हलकं वाटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललो, पण सत्कारणी लागलं, असं मनाशी म्हणत ते लगेच छपरावर चढले. आज निदान फुटकी कौलं तरी काढून ठेवावीत. त्यांनी दोन कौलं सरकवली आणि फटीतून खालची खोली दिसली.

मावशींनी कोपऱ्यातलं गाठोडं सोडलं होतं. सगळ्यात वर घड्याळ होतं. ते त्यांनी काढलं, खिळ्याला अडकवलं, सरळ केलं. मग खिडकीशी जाऊन शेजारणीला हाक मारली.

"अगं, त्या कुंड्या आणून ठेवशील का परत? माझं जाणं राहिलं."