झोपाळ्याचा कागद

नवनाथने खाकी कागद टेबलावर उलगडला आणि शालनबाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

झोपाळ्याच्या पाठीची नक्षी होती. नवनाथच्या वडिलांनी, आबांनी, पन्नास वर्षांपूर्वी पेन्सिलीने काढलेली, खऱ्या मापाची. वेलीवर राघू, त्याच्या चोचीखाली पेरू, आणि पेरूला चोच लागून पडलेला बारीकसा खड्डासुद्धा. त्यांच्या यजमानांनी, सोपानरावांनी, चष्मा लावला. "रेघ कुठं थरथरली न्हाई बघा. हात व्हता का काय!"

नवनाथला असं कौतुक नवं नव्हतं. महाळुंग्याच्या या फर्निचरच्या कारखान्यात तो दिवसभर प्लायच्या कपाटांना बिजागऱ्या बसवायचा. हौशी गिऱ्हाईक आलं की मालक प्रीतम त्याला आबांचे कागद काढायला लावायचा. गिऱ्हाईक वा वा करायचं आणि प्लायचंच कपाट सांगून जायचं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पण सोपानरावांना नव्या बंगल्यात झोपाळाच हवा होता, आणि बांधावरचं सागवान त्यांनी तोडून ठेवलं होतं. नवनाथने कालच पटाशांना धार लावली होती. एक तरी झोपाळा आबांच्या कागदावरून करायचा, एवढंच त्याचं मागणं होतं. हल्ली बोटं आखडायला लागली होती, फार वाट बघण्यात अर्थ नव्हता.

"पण अर्धंच हाय की हे," शालनबाई म्हणाल्या. "वडिलांचं काढायचं ऱ्हाऊन गेलं व्हय?"

"नाही ताई, अर्धंच काढतेत. एक बाजू लाकडावर गिरवायची, मग मधल्या रेघेवर कागद उलटा टाकायचा आन् दुसरी गिरवायची. दोन महिन्यांत कोरून देतो."

"दोन महिने?" सोपानराव दचकले. "वास्तुशांत पंधरा दिसांवर आलीय, राव!"

"कशाला दोन महिने?" प्रीतम पुढे सरसावला. "फोटो काढू, दुसरी बाजू कॉम्प्युटर जोडंल, लॅमिनेटवर प्रिंट मारू. आठ दिवसांत झोपाळा. कोरल्यासारखाच दिसणार."

"दिसून काय करायचं?" नवनाथचा आवाज चढला. "हात फिरवला तर राघू हाताला लागाया पाहिजे!"

"हात कोण फिरवतंय, नवनाथभाऊ? लोकं बसणार त्याच्यावर."

शालनबाईंना पटलं. "पुसाया बी सोपं. नक्षीत लई धूळ बसती बाई."

नवनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. आत्ता डोळे भरून बघत होते, आणि आत्ता धूळ! मग हा कागद बाहेर काढायला लावलाच कशाला? पण समोर मालक उभा होता. प्रीतम मोबाईल घेऊन खुर्चीवर चढला आणि नवनाथने कागदाची कडा मुकाट्याने दाबून धरली.

सोपानरावांना त्याचा चेहरा बघवेना. "मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "खाली कोपऱ्यात तुमच्या वडलांचं नाव टाकू की. येवढी कला, चार लोकांना कळू द्या. काय नाव त्यांचं?"

"नाव नका टाकू," नवनाथ म्हणाला. "कागदावर आबा नाव घालीत नव्हते. झोपाळा कोरून पुरा झाला, की मग बसायच्या फळीला खालून घालायचे."