तिसऱ्या वळणावरचा देव

नारळ फुटला. केरबा ट्रकवाल्यानं त्यातली एक वाटी मनुबाईच्या हातात दिली आणि दगडाला हात जोडले. त्याच्या ट्रकमधून उतरलेला दाढीवाला माणूस मात्र नुसताच उभा राहिला.

मनुबाईनं त्याला रस्ता ओलांडून येताना पाहिलं होतं. तिनं पदर पुढं ओढला आणि माठातलं पाणी तांब्यात ओतलं.

"बसा. उनाचं आलाय."

केरबा बादली घेऊन झऱ्याकडं गेला. इंजिन तापलं होतं.

या वळणावर सत्तर साली गुळाचा ट्रक डोंगरात घुसून जळाला. उतारावर ब्रेक लागेनात आणि समोरून भरलेली एस.टी. वर येत होती. ड्रायव्हरनं गाडी सरळ कड्यावर घातली. एस.टी.तल्या कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. ट्रकमध्ये जे काही उरलं, ते जोतीराम ड्रायव्हरचं म्हणून त्याच्या बायकोच्या, म्हणजे मनुबाईच्या स्वाधीन केलं गेलं. मग कुणी दगडाला शेंदूर लावला, कुणी वर पत्रा घातला, कुणी त्यावर जोतीरामचं नाव रंगवलं. आता फलटणकडं जाणारा एकही ट्रक इथं हॉर्न दिल्याशिवाय पुढं जात नाही.

देव झालेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्या चुका कुणी काढत नाही. त्याच्या बायकोचं मात्र अवघड असतं. देवाशी भांडता येत नाही, आणि मनुबाईला नऊ वर्षं भांडायला माणूस हवा होता. हॉर्न वाजला की अजून ती चटकन वळून रस्त्याकडं बघायची. इतकी आठवण यायची की तिची तिलाच लाज वाटायची.

"मी जतकडनं आलो," माणूस तांब्याकडं बघत म्हणाला. "बिराप्पा म्हणून एकजण त्या दिवशी ह्या गाडीत बसला हुता. त्याची आई हाय तिकडं."

"गाडीत एकच माणूस गावला."

"व्हय. म्हातारीला दिसत न्हाई आता. मीच असतो तिच्याजवळ. पावलं वाजली की मलाच बिराप्पा समजती."

"भाकरी कोण थापतं?"

"मीच. लय जाड हुत्यात."

मनुबाईला हसू आलं. ते तिनं पदराआड दाबलं.

"ब्रेकचं गाडीच्या मालकाला ठावं हुतं का?" त्यानं विचारलं.

"महिनाभर सांगणं चाललं हुतं. हंगाम सरू दे, मग बघू, म्हणायचा. गाडी जळली तवा म्हणाला, ड्रायव्हरचीच चूक."

माणसानं दगडावरच्या नावाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बिराप्पा बी गाडी चालवायचा. लायसन न्हवतं, पर हात चांगला हुता. आन् काळीज त्याहून चांगलं."

मनुबाईनं झऱ्याकडं नजर टाकली. केरबा लांब होता.

"म्हंजे?"

"दगडावर नाव चुकीचं हाय."

वाऱ्यानं पत्रा खडखडला. मनुबाई जागची हलली नाही.

"कुणापाशी बोललासा हे?"

"न्हाई. पयलं तुमाला सांगावं म्हणलं. म्हातारी रोज इचारती, बिराप्पा, तू त्या दिशी कुठं हुतास. म्हातारीला काय सांगू? तिचा ल्योक पन्नास माणसं वाचवून गेला आन् नारळ भलत्याच्याच नावानं फुटत्यात. मला झोप लागत न्हाई."

"नऊ वर्सं लागली व्हय झोप उडायला?" ती एकदम तडकली. एवढ्या वर्षांत ती कुणावर अशी तडकली नव्हती. दगडापाशी येणाऱ्या माणसांशी ती नेहमी सांभाळून बोलायची.

माणसानं मान खाली घातली. "भ्यालो हुतो. उतारावर बी, मागनं बी."

तिनं तांब्या उचलून माठावर ठेवला. मग मनुबाई शांत आवाजात म्हणाली, "नाव मी माज्या हातानं पुसते. म्हातारीच्या लेकाचं हाय ते त्याला मिळंल. पर पंधरा दिस थांबा. पोराचं लगीन हाय."

"मानसिंगचं?"

"व्हय. फौजेतनं सुट्टी घेऊन आलाय. पोरीचा बाप त्याच एस.टी.त हुता. ज्यानं मला वाचवलं त्याच्याच घरात पोरगी देईन, म्हणत सोता चालत आला. आज हे भाईर पडलं तर हळद लागायच्या आधी मोडंल सगळं. पोराला बापाचा लय अभिमान हाय. त्याला सांगायचं ते मीच सांगीन, पर लगीन झाल्यावर."

"दिसतो कसा?"

"बापावर गेलाय. कपाळ तसंच. राग बी तसाच, आला की लगीच जातो."

माणूस डोंगराकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मनुबाईला उठून जवळ जावंसं वाटलं. पण केरबा बादली घेऊन येत होता. ती बसूनच राहिली.

"पंधरा दिस," तो म्हणाला. "थांबतो मी."

केरबानं पाणी घातलं, बॉनेट आपटून लावलं. "चला पावनं, फलटण गाठायचंय," म्हणत तो पलीकडच्या दारानं वर चढला.

मनुबाईनं भाकरीचं फडकं उचललं, ट्रकपर्यंत गेली आणि ते माणसाच्या हातात दिलं. फडकं सोडताना तिची बोटं क्षणभर त्याच्या बोटांवर राहिली. इंजिन सुरू झालं, तसं त्या आवाजात फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू ती म्हणाली, "आवं, लेकाच्या डोस्क्यावर अक्षता पडूस्तवर तेवढं मेल्यालंच ऱ्हावा. मग मीच येते जतला, तुमच्याकडं नांदायला."