जोडणी

"भारीतलेच घे, अण्णांची गाडी आहे," असं म्हणत मोठ्या भावानेच हे ब्लूटूथ स्पीकर निवडले, तेव्हा दिगूला भरून आलं होतं. वडील गेल्यापासून त्यांची बुलेट तोच जिवापाड जपत होता.

हँडलवर क्लॅम्प आवळून त्याने स्पीकर सुरू केले. दुकानात ते भावाच्या मोबाइलला जोडून पाहिले होते. भाऊ वरच गॅलरीत फोनवर बोलत होता; जोडणी आपोआप झाली आणि हँडलवरून अनोळखी आवाज घुमला, "रविवारी बुलेट न्यायला येतो. स्पीकरसकट ठरलंय, विसरू नका. आणि धाकट्याला अजून पत्ता नाही ना?"

"हॅलो? हॅलो?" करत भाऊ कठड्यावरून वाकला. "दिगू, मध्येच आवाज गेला रे!"

"गेला नाही, दादा." दिगू क्लॅम्प सैल करू लागला. "खाली आलाय."