दोन इंच सैल

"काका, तुम्ही आपले बोटीतच बसा," गाईड म्हणाला. "तुमच्या मापाचं जॅकेट नाहीये."

"मापाचं मला सांगतोस?" मास्तर उसळले. "चाळीस वर्षं कपडे शिवतोय मी. ते तिसऱ्या खुंटीवरचं दे, छातीत अगदी बरोबर बसेल."

गाईडनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तोवर मास्तरांची बायको डोळ्यांवर गॉगल, तोंडात नळी, पायांत रबरी पंख असा सगळा सरंजाम चढवून पाण्यात उतरलीसुद्धा. बाकीचे पाच-सहा जण तिच्या मागोमाग गेले. पाणी इतकं नितळ, की बोटीतूनही तळाची पोवळी दिसत होती. जांभळी, पिवळी, काही फुलकोबीच्या गड्ड्यासारखी. मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते फक्त एका लाल नळीकडे बघत होते.

ती दिसली की जीव भांड्यात पडायचा. दिसेनाशी झाली की पुन्हा टांगणीला.

त्याला कारण होतं. दीड महिन्यापूर्वी नवरा-बायकोनं जोडीनं सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट आणायला तीच गेली.

"तुम्ही ठणठणीत आहात. उगाच पोटाच्या तक्रारी सांगत बसता," ती आल्या आल्या म्हणाली.

"आणि तुझं?"

"मला काय धाड भरलीय?"

मास्तर निर्धास्तपणे दुकानात जाऊन बसले. मग एका दुपारी ते जरा लवकर जेवायला घरी आले, तर ती स्वयंपाकघरात आवाज चोरून फोनवर बोलत होती. "डॉक्टर, सहा महिने तरी? निदान सहा? नाही, नाही, घरात कुणाला कळता कामा नये. मी सांभाळीन सगळं."

मास्तर आल्या पावली परत फिरले. त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय उजवे शिवले.

विचारावं, असं हजारदा ओठांवर आलं. पण तिनं एवढं मोठं दुखणं पोटात ठेवलंय, तर ते ओढून बाहेर काढणारे आपण कोण? लग्न झाल्यापासून बिचारीला एकच हौस, समुद्रातली पोवळी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. 'पुढच्या वर्षी नक्की' करत मास्तरांनी तीस वर्षं काढली. आता पुढचं वर्ष आणायचं कुठून? त्यांनी दुकानाला कुलूप ठोकलं आणि तिकिटं काढली. एरवी दहा कारणं सांगणारी बाई या खेपेला लगेच तयार झाली. मास्तरांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तिच्यासाठी पोहायचा पोशाख त्यांनी स्वतः शिवला. टेपला हातही लावला नाही, बायकोचं माप त्यांना तोंडपाठ होतं. तिनं घालून बघितला, तर कमरेत दोन इंच सैल! आयुष्यात मास्तरांचं माप कधी चुकलं नव्हतं.

"हल्ली जेवणच जात नाही हो मला," ती म्हणाली.

मास्तर न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून पोटभर रडले.

आज सकाळी किनाऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी स्वतःसाठीही एक चड्डी घेतली, नेहमीच्याच नंबराची. ती सारखी घसरत होती. "तयार कपडे म्हणजे असेच! शिवणाऱ्यानं काय डोळे मिटून शिवली की काय?" ते एका हातानं चड्डी धरून कुरकुरत होते. त्यांना वाटलं, ही खो खो हसेल. तिनं मुकाट्यानं पर्समधली पिन काढली आणि लावून दिली.

लाल नळी दिसेना.

मास्तरांनी दहापर्यंत आकडे मोजले. मग वीसपर्यंत. मग ते ताडकन उठले, तशी बोट हेलकावली.

"ती कुठे गेली? लाल नळीवाली!"

"आहेत हो काका, त्या खडकापलीकडे. आमचा माणूस आहे सोबत."

"ते जॅकेट दे इकडे. मी उतरतो."

"नाही काका."

"अरे, तू कोण मला अडवणारा?" मास्तरांचा आवाज चढला, आणि चढता चढता फाटला. "तिला बरं नाहीये! समजतंय का तुला? बरं नाहीये तिला!"

गाईड चमकला. "काकूंना? पण फॉर्मवर तर त्यांनी तसं काहीच..."

"अहो!" खडकाआडून हाक आली. तिनं गॉगल कपाळावर सारला होता आणि ती लहान पोरीसारखी हात हलवत होती. "अहो, केवढा मासा बघितला! निळाशार! माझ्या हाताखालून गेला!"

मास्तर मटकन खाली बसले. त्यांनीही हात हलवला. हसूही आणलं तोंडावर.

गाईड लोकांना वर घ्यायला शिडीकडे गेला. फॉर्मची फाईल बाकावरच राहिली. हे असले कागद भरायचं काम कायम तिचंच, मास्तरांनी सकाळी नुसती सही ठोकली होती. हिनं काय काय दडवलंय, बघू तरी, म्हणून त्यांनी फाईल पुढ्यात ओढली.

तिचा कागद वरच होता. हृदयविकार? नाही. दमा? नाही. शस्त्रक्रिया? नाही. चालू औषधं? नाही. टपोऱ्या अक्षरात एकाखाली एक 'नाही'. खोटारडी कुठली! पोवळ्यांसाठी किती धडधडीत खोटं बोलली! मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी कागद उलटला.

खालचा फॉर्म त्यांचा होता. अक्षर तिचंच. 'सध्याचा आजार' या ओळीपुढे एक लांबलचक नाव होतं, ते त्यांना धड वाचता आलं नाही. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'कृपया यांना पाण्यात उतरू देऊ नका. यांना अजून काहीच माहीत नाही.'