भोंगामावशीचं कृपादान

एका आजीच्या खोलीत शिरताना भोंगामावशीनं ओठ असे आवळून धरले होते, जणू तोंडात टाचण्या आहेत. काही झालं तरी बोलायचं नाही.

भोंगा हे नाव उगीच पडलेलं नव्हतं. तिनं पोराला जेवायला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली पोरंही हात धुऊन दारात यायची. एकदा ती शिंकली, तर गिरणीतली पाळी वेळेआधीच सुटली. हे शपथेवर सांगणारे अजून जिवंत आहेत.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "देवानं प्रत्येकाला कृपादान दिलंय. ते दुसऱ्यांच्या सेवेला लावा." उपासना संपते न संपते तोच मावशी गायनमंडळात जाऊन उभी राहिली. पहिल्याच कडव्याला मास्तर पेटी सोडून उठले.

"मावशी, तुम्ही नुसते ओठ हलवा," त्यांनी हातच जोडले.

देव वाटत वाटत आपल्यापाशी आला तेव्हा टोपली रिकामी झाली असणार, अशी समजूत घालून ती घरी गेली. शेवटी पाळकबाईंनीच तिला हे काम दिलं : अंथरुणाला खिळलेल्या या आजीची वेणी घालायची. "ठार बहिऱ्या आहेत हो. बोलायची गरजच नाही."

मावशी मुकाट्यानं केस विंचरू लागली.

"कोण गं तू?" आजीनं खणखणीत विचारलं. मावशी नुसती हसली.

"घ्या! ही पण मुकीच!" आजीनं उसासा टाकला. "सून येते, 'जेवा' म्हणते. मुलगा येतो, 'गोळी' म्हणतो. तेवढाच दम त्यांचा. अख्खं वाक्य कानावर पडून किती वर्षं झाली, देव जाणे. उशाशी पवित्र शास्त्र आहे, पण अक्षर दिसतंय कुणाला!"

कंगवा थांबला. मावशीनं खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग शास्त्र उघडलं, छाती भरून श्वास घेतला आणि मेंढपाळाचं स्तोत्र वाचायला सुरुवात केली.

भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. अंगणातली कोंबडी छपरावर जाऊन बसली. सून साबणाच्या हातांनी धावत आली आणि दारातच थबकली. सासूबाई ओळीमागून ओळ पुटपुटत होत्या. स्तोत्र जिथं संपलं, नेमकं तिथंच त्यांनी "आमेन" म्हटलं.

"बरं, देवाचं झालं," आजी पांघरूण सावरत म्हणाली. "आता माणसांचं सांग. त्या शिंपिणीची पोरगी सासरी नांदते का गं?"

मावशी सांगू लागली. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. शिंपिणीची तेवढी धाडकन बंद झाली.

"आई, पुरे हो!" सून म्हणाली. ते अर्थातच आजीला ऐकू गेलं नाही.

वेणी केव्हाच घालून झाली होती. मावशी उठली, तसा आजीनं तिचा हात धरला.

"उद्या येशील?"

मावशीनं तोंड उघडलं. पण 'येईन' हा शब्द बाहेर पडला तो जेमतेम कुजबुजीत.

आजीनं कानामागे तळवा धरला नि वैतागून म्हणाली, "अगं, मोठ्यानं बोल की जरा!"