उताणं पडून लिहिलेलं पत्र

ताईच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, “तुझ्यासारखीच गाठ माझ्याही यकृतात निघाली. न कापता, मांडीतून नळी घालून तिचा रक्तपुरवठा तोडतात म्हणे. पुस्तकी किड्या, तू आधी कर, मग मी करीन.” मी पुस्तकं चाळत बसलो. आज इस्पितळातल्या टेबलावर जागाच पडून होतो. पडद्यावर माझ्याच रक्तवाहिन्यांतून तार पुढे सरकत होती. “श्वास रोखा,” डॉक्टर म्हणाले. सोडा म्हणायला विसरले तर? नंतर नर्सने बजावलं, “आजोबा, सहा तास पाय हलवायचा नाही.” उताणं पडून लिहिताना पेन उमटेना; तिने पेन्सिल दिली. “ताई, दुखलं नाही, पण फार घाबरलो. गाठ सुकली का, ते महिन्याने कळेल. तरी तू ये. तुझ्या वेळी मी दाराशी बसेन.” मी खोडाखोड करण्याआधीच नर्सने ते टपालात टाकलं.