शेरा

नववीचा वर्ग आजही कॉम्प्युटरच्या खोलीत गेला होता. मोठ्या बाई दाराच्या काचेतून आत बघत होत्या. हातात हजेरीपट नसता, तर यांनाच कुणी वर्गाबाहेर उभं केलंय असं वाटलं असतं.

नववीचं विज्ञान म्हणजे मोठ्या बाई, हे शाळेत ठरलेलंच होतं. यंदा छोट्या बाई नव्याने लागल्या, त्यांनी ‘विज्ञानाची खिडकी’ नावाचा ब्लॉग काढला, रोजचा धडा चित्रांसकट त्यावर टाकायला सुरुवात केली आणि मुख्याध्यापिकांनी नववी उचलून त्यांच्या पदरात टाकली. मोठ्या बाईंकडे पाचवी आली. पाचवीत विज्ञान कमी आणि भांडणं सोडवणं जास्त.

आत मुलं पडद्याला चिकटली होती. मधूनच सगळी एकदम हसली. मोठ्या बाईंच्या वर्गात मुलं अशी कधी हसली नव्हती. त्यांच्या पोटात दुखायला लागलं, आणि हे दुखणं डॉक्टरांना दाखवण्यातलं नव्हतं.

“वाचतात कुठे?” मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या. “बोटं बघा त्यांची. सरसर खाली. धडा डोळ्यांखालून जातो तरी का?”

छोट्या बाई वह्या तपासत होत्या. “नाही जात,” एवढंच त्या म्हणाल्या, मान वर न करता.

काय तो साळसूदपणा, मोठ्या बाईंना वाटलं.

ब्लॉगवर प्रत्येक धड्याखाली अभिप्रायाची जागा होती. मुलांना तिथे फक्त वाचता येई, लिहायचं ते मोठ्या माणसांनी. ब्लॉग सुरू झाला त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी तिथे नावाच्या जागी ‘शेरा’ असं टाकलं होतं. उभा जन्म वह्यांवर लाल शाईने शेरे मारण्यात गेलेला, दुसरं काय सुचणार? पहिला शेरा एका ओळीचा होता. ‘उष्णता आणि तापमान यांत गल्लत झाली आहे.’ पण नुसती चूक दाखवून जीव थंड होईना. म्हणून त्यांनी खाली जोडलं, ‘बादलीभर कोमट पाण्यापेक्षा कपभर उकळतं पाणी जास्त गरम असतं ना? मग त्या कपभर पाण्यात सगळ्या घराची अंघोळ उरकून दाखवा.’

दुसऱ्या दिवशी पुढचा धडा, पुढचा शेरा. बाष्पीभवनाच्या धड्याला त्यांनी विचारलं, ‘ओला टॉवेल दोरीवर उकळतो का? मग वाळतो कसा?’ आणि छोट्या बाईंना चार चित्रं काढूनही जे सांगता आलं नव्हतं, ते पानभर लिहून सांगितलं. नाक खाली करायचं तर नीटच करावं, असा त्यांचा खाक्या. संध्याकाळचा चहा निवून जाई तरी त्यांचं लिहिणं संपत नसे.

“लग्नाआधी मला कधी दोन ओळींच्या वर लिहिलं नाहीस,” यजमान म्हणाले.

“तेव्हा तुमच्या चुका कुठे ठाऊक होत्या?” मोठ्या बाई म्हणाल्या.

सहामाहीचा निकाल लागला. नववीने विज्ञानात बाजी मारली. मुख्याध्यापिकांनी सभेत ब्लॉगचं तोंडभरून कौतुक केलं, आणि पुढल्या वर्षी तो आठवीलाही लावू म्हणाल्या. टाळ्या पडल्या. छोट्या बाई खाली फरशीकडे बघत बसल्या होत्या. हिला एवढं कौतुकही पुरत नाही, असं मनात येऊन मोठ्या बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आता नववी कायमची गेली होती.

दुसऱ्याच दिवशी त्या मुख्याध्यापिकांपुढे जाऊन बसल्या.

“मुलांच्या ब्लॉगवर कुणी परका माणूस रोज लिहितो,” त्या म्हणाल्या. “शेरा म्हणे. कोण, कुठला, कुणाला पत्ता नाही. उद्या पालकांनी विचारलं तर काय सांगणार आहात?”

स्वतःच्याच शेऱ्यांवर पाणी सोडताना त्यांना जरासं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नववीपुढे त्यांची काय किंमत? त्यांना वाटलं होतं, या निमित्ताने अख्खा ब्लॉगच जाईल. मुख्याध्यापिकांनी मात्र फक्त शेरे पुसायला लावले आणि अभिप्रायाची जागा बंद करून टाकली. मोठ्या बाई हिरमुसल्या.

पण झालं ते भलतंच. थोड्याच दिवसांत कॉम्प्युटरच्या खोलीतलं हसू थांबलं. मुलं पेंगू लागली, खिडकीबाहेर बघू लागली. ब्लॉग कुणी उघडेना. शेवटी छोट्या बाई आपणहून मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि नववी सोडून आल्या.

“घ्या बाई तुमचा वर्ग,” हजेरीपट पुढे करत त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. “मुलं माझ्याकडे कधी नव्हतीच.”

“अगं, होतं असं सुरुवातीला,” मोठ्या बाई म्हणाल्या. जिंकल्यावर मन मोठं करायला काही लागत नाही.

त्या ताठ मानेने नववीत शिरल्या. खडू तोच, फळा तोच. मुलांचे चेहरे तेवढे उतरलेले होते. शेरे लिहून लिहून यांना कसं हसवायचं ते आता त्यांना नेमकं ठाऊक होतं. उजळणी म्हणून फळ्यावर ‘बाष्पीभवन’ लिहून त्या वळल्या आणि त्यांनी विचारलं, “सांगा बरं, ओला टॉवेल दोरीवर उकळतो का?”

कुणी हसलं नाही. मुलं एकमेकांकडे बघू लागली. पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी उभी राहिली.

“बाई, हे शेरादादाचं आहे.”

“कोण शेरादादा?”

“ब्लॉगवर लिहायचा तो. आम्ही धडा सोडून थेट खाली त्याच्याकडेच जायचो.” मुलीने चष्मा काढून पुसला. “कुणीतरी तक्रार करून त्याला घालवलं.”

मोठ्या बाईंनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, “आणि आता बाई त्याचंच ढापून आपलं म्हणून सांगतायत.”